पाच मिनिटांची पाळी

पहाटेचे दोन चाळीस. हेगच्या सभागृहात
आम्ही लघुलेखक दर पाच मिनिटांनी पाळी बदलतो.
बाउके उठतो, मी बसते, खुर्ची अजून ऊन असते.
त्यामुळे हे युद्ध मी सलग असं कधी ऐकलंच नाही.
माझ्या वाट्याला आलं ते
"आणि म्हणून, अध्यक्ष महोदया" इथून सुरू होणारं,
"याची जबाबदारी मात्र" इथे तुटणारं.
जबाबदारी कुणाची, ते बाउकेला ठाऊक.

आज फैसला. उरुझगानातलं सैन्य
काढायचं की ठेवायचं.
एक म्हणतो, आपण शब्द दिला होता.
दुसरी म्हणते, शब्द दोन वर्षांचा होता,
वाढत्या पोराच्या विजारीसारखा
आपणच काठ उसवून लांब करत गेलो.
तिसरा विहिरींचा आकडा सांगतो,
चौथा शवपेट्यांचा.
दोन्ही माझ्या वहीत
एकाच पेन्सिलीने उतरतात.

मला मत नाही. नोकरीची तशी अट आहे.
मला बहीण आहे, स्नेकच्या पलीकडे, तिच्या चाळीस गाई
आणि एक मुलगा, येल्मर.
उन्हाळ्यात परत आला. धडधाकट, असं सगळे म्हणतात.
हात-पाय मोजून घेतले आम्ही,
बाळंतिणीच्या खोलीत मोजतात तसे.
दूध काढताना तो गाईंना पश्तूत चुचकारतो.
गाईंना आता त्याची सवय झाली आहे.
गेल्या रविवारी मी विचारलं, तुला काय वाटतं, निघावं का तिथून?
म्हणाला, मावशी, चौकीपाशी जर्दाळूचं एक झाड होतं.
फळं कुणाची, यावरून आमचा दुभाष्या तोरयालय
आणि गावातला एक म्हातारा रोज भांडायचे.
आम्ही मध्ये उभे असायचो, बंदुका घेऊन.
आम्ही नसलो तर मिटेल.
किंवा म्हातारा जिंकेल.
एवढं बोलून तो बादली घेऊन गेला.
तोरयालय आहे का अजून, हे विचारायचं
माझ्या तोंडावर आलं होतं.

तीन वाजून पाच. माझी पाळी.
मधल्या बाकावरचा खासदार, एरवी कालव्यांवर बोलणारा,
उठतो, कागद न बघता म्हणतो,
"आमची पोरं माघार..."
आणि माइक खरखरतो, बाकीचं त्यात बुडतं.

माघार? की माघारी?

लघुलिपीत फरक एका टिंबाचा.
टिंब दिलं तर पोरं येतात,
गोठ्याचं दार ढकलतात, बूट काढतात.
नाही दिलं तर हरतात.
पुढचं वाक्य अंगावर धावून येतंय.
मी टिंब देते.

तेवढ्यात वर, प्रेक्षकांच्या सज्जात,
एक माणूस उभा राहतो. तपकिरी कोट, नीट कातरलेली दाढी.
आमच्याच भाषेत, न अडखळता विचारतो,
"आणि आम्ही?"
शिपाई त्याला कोपराला धरून नेतात,
हळूच, आजाऱ्याला न्यावं तसं.
नियम सोपा आहे. सज्जातला आवाज
कामकाजात धरत नाहीत.
सगळे वर बघत राहतात. सात सेकंद, कदाचित आठ.
हशाला आमच्याकडे खूण आहे,
टाळ्यांना आहे, गोंधळाला आहे.

दुपारी खासदारांच्या कचेरीतून चिठ्ठी:
कृपया दुरुस्ती व्हावी. सन्माननीय सदस्य म्हणाले होते,
आमची पोरं माघार घेणाऱ्यांतली नाहीत.

मी टिंब खोडलं. जोर जरा जास्त झाला.
कागद तिथे पातळ झालाय,
उजेडाकडे धरला तर खिडकी दिसते,
खिडकीबाहेरचं गोठलेलं तळं,
आणि एक पाय काठावर ठेवून
दुसऱ्याने बर्फ चाचपणारं
कुणाचं तरी पोर.